सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट: आधी काय, मग काय

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांचा नेहमीचा क्रम असा असतो: आधी गाडी बुक, मग डिलिव्हरीची तारीख, मग चार्जर बसवणारा माणूस गेटवर, आणि तेव्हा कुठे सोसायटीच्या सचिवांना फोन. सचिव म्हणतात, "मीटिंगमध्ये ठेवू." मीटिंग पुढच्या महिन्यात. तोवर पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शनची वायर खाली लोंबकळत असते, मधल्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार आलेली असते आणि साध्या कामाचं भांडण झालेलं असतं.

खालचे टप्पे याच्या बरोबर उलट क्रमाने आहेत. गाडी बुक करायची ती टप्पा ४ पार पडल्यावर. वीज कंपनी महावितरण असो की मुंबईतली बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, अर्ज आणि पोर्टल बदलतील, क्रम तोच राहील. स्वतंत्र बंगला असेल तर टप्पा ४ सोडून द्या, बाकी सगळं लागू आहे.

## टप्पा १: रोजची धाव मोजा

चार्जर किती मोठा हवा हे गाडीच्या बॅटरीवरून ठरवू नका. ते ठरतं रोजच्या किलोमीटरवरून. सध्याच्या गाडीचं रीडिंग महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेला लिहून ठेवा, तीसने भागा. पुणे, नाशिक, ठाण्यात नोकरीला जाऊन-येऊन हा आकडा बहुतेकांचा चाळीसच्या आसपास निघतो.

आता हिशोब. शहरात मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये ६ ते ८ किमी जाते. ७ धरा. ४० किमीला पावणेसहा युनिट, चार्ज करतानाचा तोटा दहा टक्के धरला तर सव्वासहा. घरातल्या १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवरचा चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो, म्हणजे तासाला ३ युनिट पक्के. काम दोन तासांत संपलं. रात्री १० ते सकाळी ६ गाडी लावून ठेवली तर जवळपास दीडशे किमीची सोय होते.

तरीही शोरूममधून बाहेर पडताना माणूस ७.२ किंवा ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर, घेऊनच निघतो. तो ३२ अँपिअर ओढतो. त्याच्यासाठी जाड केबल, मोठा मंजूर भार (वीज कंपनीने तुमच्या जोडणीला मान्य केलेली कमाल मर्यादा) आणि बऱ्याचदा थ्री फेज कनेक्शन लागतं. रोज शंभर-सव्वाशे किमीच्या पुढे धाव असेल, किंवा गाडी रात्री उशिरा येऊन पहाटे निघत असेल, तर तो घ्या. नाहीतर ३.३ वर थांबा. सोसायटीची परवानगी मिळवतानाही हा आकडा लहान असलेला बरा, ते पुढे कळेलच.

स्कूटरचं गणित आणखी सोपं. एका युनिटमध्ये ती तीस किमी किंवा जास्त जाते. तिच्यासाठी साधा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि पावसापासून आडोसा एवढं पुरतं.

हिशोब करतानाच आणखी एक गोष्ट पाहून घ्या. घरातली दुसरी कार म्हणून ही गाडी घेत असाल आणि ऑफिस पुण्यातल्या वनाज–रामवाडी किंवा पिंपरी–स्वारगेट मेट्रोच्या आसपास असेल, तर स्टेशनपर्यंत इलेक्ट्रिक स्कूटर आणि पुढे मेट्रो हा हिशोबही कागदावर मांडा. इलेक्ट्रिक कार धूर सोडत नाही हे खरं. पण सिग्नलला ती पेट्रोलच्या गाडीएवढीच जागा अडवते आणि पार्किंगही तेवढंच खाते.

## टप्पा २: मीटर रूम आणि पार्किंगची जागा बघा

घरात बसून ठरवायचं काम नाही हे. इलेक्ट्रिशियनला घेऊन खाली उतरा. सोबत मोजपट्टी, मोबाइल आणि वीजबिलाची प्रत घ्या.

वीज घरातून खाली आणायची नसते. तुमच्या फ्लॅटचा मीटर बहुतेक इमारतींत तळमजल्यावर मीटर रूममध्येच असतो. मीटरच्या पुढे, फ्लॅटकडे जाणाऱ्या वायरीवर फाटा काढून तिथेच वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) बसवायचा आणि तिथून पार्किंगपर्यंत केबल न्यायची. युनिट तुमच्याच मीटरवर पडतात, मजले ओलांडावे लागत नाहीत. हे माहीत नसल्यामुळेच बाल्कनीतून वायरी लोंबतात.

मोजून लिहायच्या गोष्टी:

- मीटरपासून पार्किंगपर्यंतचं अंतर. सरळ रेषेत नाही, केबल भिंतीच्या कडेने आणि छताखालून जिथून जाणार त्या मार्गाने.
- मार्गात रस्ता, गटार, पाण्याची टाकी, गॅसची पाइपलाइन काय येतं.
- पार्किंगमध्ये पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं. वॉचमनला विचारा, भिंतीवर रेघ दाखवतो. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. सॉकेट त्या रेघेच्या चांगला वर हवा, आणि एरवीही जमिनीपासून मीटरभर तरी उंच.
- पार्किंग कायमचं तुमचं आहे की दर वर्षी सोडत निघते.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त निसटतो. सोडतीने जागा बदलत असेल तर स्वतःच्या पैशाने स्वतःची केबल टाकणं व्यर्थ आहे. तिथे सोसायटीचा सामायिक चार्जिंग पॉइंटच हवा. यांत्रिक, म्हणजे खालीवर सरकणाऱ्या पार्किंगमध्येही स्वतःची केबल ओढू नका. हलत्या प्लॅटफॉर्मवर वायर अडकते.

सावध: जिना, लिफ्टचा दरवाजा किंवा बाहेर पडायची वाट यांच्याजवळ चार्जिंग पॉइंट घेऊ नका. काढता येणारी स्कूटरची बॅटरी घरी चार्ज करत असाल तर मुख्य दरवाजाशेजारी तर नकोच.

## टप्पा ३: भार तपासा

वीजबिलावर 'मंजूर भार' असा रकाना असतो. जुन्या फ्लॅटमध्ये तिथे बरेचदा २ किंवा ३ किलोवॅट लिहिलेलं आढळतं. तुमचा खरा वापर त्याच्या पुढे कधीच गेलेला असतो, फक्त कुणी पाहिलेलं नसतं.

दीड टनाचा एसी १.७ किलोवॅट, गीझर २, इंडक्शन २ आणि चार्जर ३.३ एकाच वेळी चालू झाले तर ९ किलोवॅट होतात. २३० व्होल्टला ते ३९ अँपिअर. सिंगल फेज कनेक्शन साधारण ४० अँपिअरपर्यंतच मिळतं. म्हणजे ३.३ चा चार्जर काठावर बसतो, आणि ७.४ चा घेतलात तर थ्री फेजशिवाय इलाज नाही.

काठावरचं दुखणं सोपं आहे. बहुतेक गाड्यांत किंवा चार्जरच्या ॲपमध्ये वेळ लावता येते. रात्री ११ नंतर चार्जिंग सुरू होईल असं ठेवा, तेव्हा गीझर आणि इंडक्शन बंद असतात.

इमारतीच्या पातळीवरही हाच प्रश्न येतो, आणि कार्यकारिणीची भीती तिथेच असते. वीस गाड्या ७.४ किलोवॅटवर एकदम लागल्या तर १४८ किलोवॅट. त्याच वीस ३.३ वर लागल्या तर ६६. वेळा वाटून दिल्या तर आणखी कमी. येत्या दोन-तीन वर्षांत कोण कोण इलेक्ट्रिक गाडी घेणार आहे याची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर करून घ्या आणि ती घेऊन वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात जा. इमारतीच्या मुख्य केबलवर आणि ट्रान्सफॉर्मरवर किती वाव आहे हे तिथे कळतं.

तपासा: मंजूर भार, चार्जरचा भार, केबलचं अंतर आणि पाण्याची रेघ. हे चार आकडे कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: सोसायटीची परवानगी

परवानगी मागायला रिकाम्या हाताने गेलात तर उत्तर ठरलेलं: "आग लागली तर जबाबदार कोण?" प्रश्न चुकीचा नाही. उत्तर कागदावर घेऊनच जा.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःच्या सध्याच्या वीज जोडणीवरून गाडी चार्ज करता येते. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. या दोन्ही कागदांच्या प्रती अर्जाला जोडा. मात्र कायद्याचा धाक घालून सुरुवात करू नका. सचिव बिनपगारी काम करत असतात, आणि पुढची दहा वर्षं तुम्हाला तिथेच राहायचं आहे.

अर्जाचा मजकूर एवढा पुरे:

> मा. सचिव,
> फ्लॅट क्र. ___, पार्किंग क्र. ___ येथे माझ्या स्वतःच्या मीटरवरून ३.३ किलोवॅटचा चार्जिंग पॉइंट बसवण्यास ना हरकत पत्र मिळावे. केबलचा मार्ग सोबतच्या नकाशात दाखवला आहे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून होईल व त्याचा चाचणी अहवाल सोसायटीस देईन. खर्च, देखभाल व सामायिक भागास झालेल्या नुकसानीची भरपाई माझ्याकडे राहील. जागा सोडताना केबल स्वखर्चाने काढून देईन.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. ही पोच नसली तर तीन महिन्यांनी "अर्ज आलाच नाही" हे ऐकावं लागतं. ईमेलही टाका. नकार आला तर लेखी कारण मागा. लेखी कारणही मिळेना तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, पण त्यासाठी हातात पोच हवी.

भाडेकरू असाल तर घरमालकाचं संमतिपत्र जोडा. अर्ज त्यांच्या सहीने गेला तर काम लवकर होतं.

कार्यकारिणीत असलेल्यांनी एकेका अर्जावर वेगळा निर्णय देण्याऐवजी एकच ठराव करून ठेवावा. पहिल्या माणसाने भिंतीवर हवी तशी केबल ठोकली की दहाव्याला जागाच उरत नाही. मीटर रूमपासून पार्किंगच्या रांगेपर्यंत एक सामायिक केबल ट्रे सोसायटीने टाकावा, त्यातून प्रत्येकाने आपली केबल न्यावी. ठरावात दर पार्किंगमागे जास्तीत जास्त भार, एक्स्टेन्शन बोर्डावर बंदी आणि वॉचमनच्या हाताशी सगळी चार्जिंग बंद करणारा एक मुख्य स्विच एवढं तरी असावं.

सामायिक पॉइंट करायचा असेल तर सुरुवात दुचाकींपासून करा असं माझं मत आहे. स्कूटर घेणारे जास्त, भार कमी, खर्च थोडा. चार सॉकेट, प्रत्येकाला सबमीटर आणि एक वही. ॲप आणि कार्डचं बघता येईल नंतर.

सावध: लिफ्ट आणि पंपाच्या सामायिक मीटरवरून "तात्पुरतं" चार्जिंग सुरू करू नका. बिल सगळ्यांमध्ये वाटलं जातं, आणि एकदा ही कुरबुर सुरू झाली की नंतरचे सगळे अर्ज तिथेच अडतात.

ना हरकत पत्र हातात आलं? आता गाडी बुक करा.

## टप्पा ५: वीज कंपनीकडचं काम

मंजूर भार कमी पडत असेल तर भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करा, कोटेशन आलं की भरा, विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडा. फार विचार करायला लावणारा टप्पा नाही, फक्त तो वायरिंगच्या आधी सुरू करायचा.

वेगळा मीटर घ्यावा की घरच्याच मीटरवर चालवावं, यावर मात्र थोडं डोकं लावा. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमानुसार स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. पण घरगुती दर टप्प्यांचा आहे: १००, ३००, ५०० युनिट. महिन्याला १,००० किमी म्हणजे सुमारे १६० युनिट. आधीच तुमचा वापर २२० असेल तर तो ३८० होतो, आणि त्यातली ८० युनिट ३०१ ते ५०० च्या महागड्या टप्प्यात जातात. घरात दोन एसी चालत असतील तर जवळपास सगळी १६० युनिट वरच्या दराने पडू शकतात. चार्जिंगच्या वेगळ्या जोडणीला टप्पे नसतात, मात्र स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी रक्कम) वेगळा भरावा लागतो. चालू दरपत्रक घ्या, उन्हाळ्यातलं एक आणि हिवाळ्यातलं एक बिल घ्या, दोन्ही हिशोब करा. पूर्ण अर्ज दिल्यावर, नव्या लाइनची गरज नसेल तर, महानगरात ३, इतर नगरपालिका हद्दीत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी देण्याची मुदत वर सांगितलेल्या २०२४ च्या दुरुस्तीत आहे.

## टप्पा ६: वायरिंग

पैसे वाचवायची जागा ही नव्हे. गीझर पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी तोच सॉकेट पूर्ण करंटवर रोज दोन तास, कधी पाच-सहा तास सलग वापरते. गीझरला वर्षानुवर्षं चाललेली वायर गाडीला महिनाभरात तापते ती यामुळे.

केबल. ६० मीटरचं अंतर आणि १४ अँपिअर धरा. अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर टाकली तर वाटेतच सुमारे १२ व्होल्ट पडतात आणि पावणेदोनशे वॉट नुसते वायर तापवण्यात जातात. चार एमएमची टाकली तर साडेसात-आठ व्होल्ट पडतात. म्हणून ३.३ किलोवॅटला चार एमएम हा किमान आकडा, आणि अंतर साठच्या पुढे असेल तर सहा. ७.४ किलोवॅटला याच अंतरावर सहा एमएम कमी पडते, दहा घ्या. पार्किंगमध्ये उंदीर असतातच, तेव्हा आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल किंवा लोखंडी पाइप. मधे जोड नको, एकसंध तुकडा घ्या.

कंपनी चार्जर "फुकट बसवून" देते तेव्हा त्यात ठरावीक मीटरच केबल असते. वरच्या प्रत्येक मीटरचे पैसे लागतात आणि काही ठेकेदार तिथेच पातळ वायर खपवतात. केबलवर छापलेला आकडा स्वतः वाचा आणि फोटो काढून ठेवा.

एमसीबी आणि आरसीसीबी. ३.३ किलोवॅटला २० अँपिअरचा, ७.४ ला ४० अँपिअरचा एमसीबी, फक्त या फाट्यासाठी. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. इथे नेहमी एक फसवणूक होते: दुकानदार 'एसी' टाइपचा देतो, कारण तो स्वस्त. गाडीच्या चार्जरमधून गळणारा करंट त्याला नीट ओळखता येत नाही. 'ए' टाइप मागा. ओळखायची खूण आरसीसीबीच्या पुढच्या बाजूला असते: नुसती एक नागमोडी लाट छापलेली असेल तर तो 'एसी', लाटेखाली आणखी एक उंचवट्यांची रेघ असेल तर 'ए'. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती पकडायची सोय आहे का हे त्याच्या माहितीपत्रकात पाहा. नसेल तर 'बी' टाइप लागतो, तो महाग असतो.

अर्थिंग. जुन्या इमारतींत अर्थची वायर दिसते, पण ती जमिनीपर्यंत पोहोचतेच असं नाही. इलेक्ट्रिशियनला सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्ट मोजायला सांगा. दोन-तीनच्या आत असावेत. दहा-पंधरा दाखवले तर चार्जर लाल दिवा लावून बसेल आणि तुम्ही चार्जरलाच दोष देत राहाल. पार्किंगसाठी नवा अर्थ खड्डा घेणं हा बहुतेक वेळा खरा उपाय ठरतो.

सॉकेट. साधा मॉड्युलर सॉकेट नको. औद्योगिक प्रकारचा किंवा चांगल्या प्रतीचा १६ अँपिअरचा, झाकणासह, पाणी न शिरणाऱ्या डब्यात. डब्याला कुलूप लावा, नाहीतर धुलाईवाला प्रेशर पंप तिथेच लावतो.

सावध: "अर्थ नाही म्हणून चार्जर चालत नाही, न्यूट्रललाच जोडून देतो" असं इलेक्ट्रिशियन म्हणाला, तर काम तिथेच थांबवा आणि दुसरा माणूस बघा. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्याला करंट येतो.

## टप्पा ७: पहिली रात्र

गाडी लावून झोपायला जाऊ नका. बॅटरी तीस-चाळीस टक्क्यांवर असताना संध्याकाळी लावा आणि इलेक्ट्रिशियनला थांबवून घ्या.

१. गाडी लावण्याआधी सॉकेटवरचे व्होल्ट मोजा. चार्जिंग सुरू झाल्यावर पुन्हा मोजा. फरक सात-आठ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर वायर पातळ आहे किंवा कुठेतरी स्क्रू ढिला आहे.

२. अर्ध्या तासाने प्लगच्या प्लास्टिकवर हात ठेवा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर बंद करा. एमसीबीजवळही हात नेऊन बघा, तिथे जळका वास येता कामा नये.

३. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबा. वीज लगेच गेली पाहिजे. नाही गेली तर तो बदलून घ्या.

४. मुख्य स्विच वॉचमनला दाखवा आणि त्याच्याकडून एकदा बंद-चालू करून घ्या.

हे झाल्यावर विद्युत ठेकेदाराच्या चाचणी अहवालाची एक प्रत सोसायटीच्या फाइलला लावा. "जबाबदार कोण" या प्रश्नाचं उत्तर त्या कागदात आहे.

## टप्पा ८: नंतरची देखभाल

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. बिल भरण्याच्या दिवशी दाबलं की लक्षात राहतं. प्लगच्या पिना वर्षातून दोनदा पाहा: काळपट किंवा पिवळट डाग दिसला तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलायचे, एकच बदलला तर नवाही खराब होतो. पावसाळ्याआधी डब्याचं रबर आणि अर्थ खड्डा बघून घ्या. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घाला.

रोज शंभर टक्के भरायची गरज नाही. शहरातल्या धावेला ऐंशी टक्के भरपूर. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर अधूनमधून पूर्ण चार्ज करायला कंपनी सांगते, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. स्मार्ट टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा) बसलेला असेल आणि गाडी दिवसा घरीच असेल, तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधली सवलत बिलावर तपासून वेळ बदला. फ्लॅट विकताना किंवा पार्किंग बदलताना ना हरकत पत्रातली अट आठवून केबल मीटर रूमच्या टोकापासून काढा. पार्किंगच्या बाजूने कापून मोकळं झालेलं टोक भिंतीवर तसंच सोडलं, तर पलीकडे एमसीबी चालू असेपर्यंत त्यात वीज असते.